वळणे आणि वळण

नगरच्या एका गल्लीत पतसंस्थेची पाटी आहे : ‘सोनेतारण कर्ज त्वरित मिळेल’. तिच्या शेजारच्या घराच्या चौकटीवर रंग उडालेल्या अक्षरांत लिहिलंय, ‘येशू तारणारा’. दोन्ही पाट्या मी कित्येकदा वाचल्या असतील. एकदा रिक्षाची वाट बघत उभा असताना त्या एकत्र वाचल्या गेल्या, आणि हा लेख तिथेच सुरू झाला.

‘तारण’ हा ‘तॄ’ धातूचा शब्द. तरणे, तारणे, तारू, अवतार, सगळे त्याच कुळातले; पाण्यातून पलीकडे जाणं किंवा नेणं हा मूळ अर्थ. मराठी बाजारात तो सावकाराच्या पेटीशी जाऊन बसला. धनकोला बुडू न देणारी वस्तू ती तारण. मराठी बायबलात तोच शब्द आत्म्याच्या सुटकेसाठी आला. दागिना तारण ठेवतात आणि पैसे फेडून ‘सोडवून’ आणतात, तसं पापात अडकलेल्याला कुणीतरी सोडवून आणतं. इंग्रजीतला ‘रिडेम्प्शन’ही मुळात बाजारचाच आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ परत विकत घेणं. आत्म्याच्या हिशेबाला सावकाराची भाषा लागते हे काही मराठीचं वेगळेपण नव्हे. गंमत आहे ती ‘खंडणी’ची. पुष्कळांच्या सुटकेसाठी दिलेलं मोल म्हणून हा शब्द मराठी बायबलात आहे, आणि आज वर्तमानपत्रात खंडणी म्हटलं की बिल्डरला आलेला फोन आठवतो.

‘वर्तमानपत्र’ लिहिलं तेव्हा आणखी एक शब्द हाताला लागला. वर्तमान म्हणजे चालू काळ हे आपण व्याकरणात शिकलो, पण जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे बातमी. या अर्थाने तो आज मुख्यतः दोनच ठिकाणी जिवंत आहे : सकाळी दारात पडणाऱ्या कागदात आणि ख्रिस्ती ‘शुभवर्तमाना’त.

असो. हे शब्द ज्यांनी असे वापरले त्यांचा मूळ शब्द ‘मिशन’. लॅटिन ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे, त्यावरून ‘मिस्सिओ’, पाठवणी. सोळाव्या शतकात जेझुइटांनी तो धर्मप्रसारासाठी दूरदेशी पाठवण्याच्या अर्थाने रूढ केला. त्याआधी धर्मशास्त्रात तो देवाने पुत्राला पाठवण्यासंबंधी वापरत. ग्रीकमध्ये पाठवलेला माणूस ‘अपोस्तोलोस’. मराठी भाषांतरकारांनी त्याचं ‘प्रेषित’ केलं, अगदी अक्षराला अक्षर. पण स्वतःसाठी त्यांनी प्रेषित हा शब्द घेतला नाही. ते ‘मिशनरी’च राहिले. विनय म्हणून असेल. प्रेषित बारा आणि पौल, बाकीचे नोकरीवर.

आमच्याकडे हा परका शब्द मग जमिनीत उतरला. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभारलं, आणि दक्षिण महाराष्ट्रात ‘मिशनमध्ये दाखवलं का?’ या प्रश्नाचा धर्माशी संबंध उरला नाही. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डहून धर्मशास्त्र शिकून आले आणि १९०६ साली मुंबईत त्यांनी अस्पृश्यांसाठी संस्था काढली, तिच्या इंग्रजी नावात ‘मिशन’ होतं. त्याआधी नऊ वर्षं रामकृष्ण मिशन निघालं होतं. आज शिक्षकाच्या निरोपसमारंभात ‘सरांनी मिशनरी वृत्तीने काम केलं’ हे ठरलेलं वाक्य असतं, आणि ते बोलणारा गृहस्थ चहाच्या वेळी ‘आदिवासी पाड्यांवर मिशनरी फिरतात’ असं वेगळ्याच सुरात सांगतो. एकाच शब्दाला शाल आणि दगड दोन्ही मिळाल्याची उदाहरणं मराठीत फारशी नसावीत.

शिंद्यांच्या संस्थेचं मराठी नाव होतं ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’. यातली ‘मंडळी’ बघा. ग्रीक ‘एक्लेसिआ’ म्हणजे बोलावून जमलेला समुदाय. हा शब्द महाराष्ट्रात दोन वाटांनी आला. पोर्तुगिजांबरोबर बोटीतून आला तो ‘इग्रेजा’ होऊन, त्याची कोकणात इगर्जी झाली आणि ती चुन्याभिंतींची इमारत ठरली. दुसऱ्या वाटेने अमेरिकन आणि स्कॉटिश लोक आले. त्यांनी शब्द आणला नाही, इथलाच शोधला. कीर्तनाला जमते ती मंडळी, पंगतीला बसते ती मंडळी, ‘घरची मंडळी’ म्हणजे बायको. नगरकडचा ख्रिस्ती माणूस आजही ‘आमच्या मंडळीत’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे भिंती नसतात, माणसं असतात. वसईचे ख्रिस्ती तर चर्चला सरळ ‘देऊळ’ म्हणतात. पाद्री, नाताळ, क्रूस हे पोर्तुगीज वाटेचे शब्द सर्वांच्या ओळखीचे आहेत, त्यांच्यापाशी थांबत नाही.

थांबायचं आहे ते ‘विश्वास’ या शब्दापाशी.

१८१२ साली अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने आपली पहिली तुकडी हिंदुस्थानकडे धाडली. तिच्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ला मुंबईत उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, शिवाय तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होतं. त्यामुळे ‘पाठवलेल्या’ या मंडळींना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. दोघे चोरून कोचीनपर्यंत गेले, तिथून त्यांना परत आणलं, आणि अखेर मुंबईच्या गव्हर्नरने राहू दिलं. हॉल तेरा वर्षं राहिला. मराठी शिकला, नव्या कराराचं भाषांतर केलं. १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. मराठी नवा करार त्याच साली मुंबईत छापून झाला. या पहिल्या वर्षांत बाप्तिस्मे किती झाले? बोटांवर मोजावेत इतके.

भाषांतराच्या टेबलावर ग्रीक शब्द होता ‘पिस्तिस’. त्याचं नातं ‘पैथो’ या क्रियापदाशी, आणि पैथोचा अर्थ मराठीत हुबेहूब सांगता येतो : मन वळवणे. म्हणजे ज्याचं मन वळलं त्याच्या ठायी असते ती पिस्तिस. लॅटिनमधला शब्द ‘क्रेदो’, माझा विश्वास आहे. आणि इथे आपल्या घरात एक नवल आहे. क्रेदो आणि संस्कृत ‘श्रद्धा’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. श्रत् + धा. श्रत् म्हणजे हृदय असा अर्थ पुष्कळ जण लावतात, तेव्हा श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणं. रोममध्ये रविवारी मोठ्याने म्हटला जाणारा शब्द आणि ऋग्वेदात जिच्यावर सूक्त आहे ती श्रद्धा, या दोघी सख्ख्या बहिणी. हजारो मैलांवरून एक बहीण जहाजात बसून आली, दुसरी दारातच उभी होती. आणि भाषांतरकाराने दोघींची गाठ घालून न देता तिसऱ्याच शब्दाला आत घेतलं. मराठी बायबलाचा मुख्य शब्द झाला ‘विश्वास’.

असं का झालं असावं? माझा तर्क सांगतो. श्रद्धेच्या पदराला ‘श्राद्ध’ बांधलेलं होतं. श्रद्धेने करायचं ते श्राद्ध, ही व्युत्पत्ती खेड्यातल्या भिक्षुकालाही पाठ. पिंड, दर्भ, कावळा, पितर हे सगळं मागोमाग येणार. परक्या माणसाला जो शब्द हवा होता तो धुतलेला हवा होता. विश्वास धुतलेला होता. तो देवळातला नव्हता, व्यवहारातला होता : विश्वासू कारकून, विश्वासाने सोपवलेली किल्ली, विश्वासघात.

पण धुतलेल्या शब्दाच्या आत काय होतं बघा. ‘वि’ आणि ‘श्वस्’. श्वास घेणं. विश्वास म्हणजे ज्याच्याजवळ श्वास मोकळा होतो, छाती हलकी होते, ती स्थिती. ग्रीक शब्दात युक्तिवाद आहे, संस्कृत-लॅटिन शब्दात हृदय आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी गेलेल्या शब्दात फुप्फुस आहे. या बदलाचा हॉलने विचार केला नसणार. शब्द आपलं सामान स्वतःच घेऊन येतात.

मराठीत विश्वास वागतो कसा हेही पाहण्याजोगं आहे. तो ‘बसतो’, आपण तो ‘ठेवतो’, आणि एके दिवशी तो ‘उडतो’. पाखरासारखा. श्रद्धा उडाली असं सहसा म्हणत नाहीत. ती ढळते किंवा डळमळते, म्हणजे ती खांब असावी. आणि हिंदीत ‘अंधविश्वास’ आहे, मराठीत मात्र ‘अंधश्रद्धा’. आपण आंधळेपणाचा ठपका श्रद्धेवर ठेवला आणि विश्वासाचे डोळे शाबूत राखले. याचं श्रेय मिशनऱ्यांना द्यायला पुरावा नाही, देतही नाही.

कोकणीने तिसरीच वाट धरली. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात, श्रद्धावंत तो ‘भावार्थी’. आपण भावार्थ म्हणजे कवितेखालचा पाच गुणांचा प्रश्न समजतो. ज्ञानेश्वरीचं नाव भावार्थदीपिका आणि नाथांचं भावार्थरामायण. त्या काळचा भारदस्त शब्द गोव्याच्या इगर्जीत गुडघे टेकून बसलाय आणि आपल्याला त्याची खबर नाही. गोव्यातली ही भाषा घडवणाऱ्यांत फादर थॉमस स्टीफन्सचा वाटा मोठा. हा इंग्रज १५७९ साली गोव्यात उतरला, आणि १६१६ साली राशोलला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, मराठी ओव्यांत, रोमन लिपीत. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटलं. श्राद्धाच्या भीतीने श्रद्धा टाळणाऱ्यांना वैकुंठ ऐकून घाम फुटला असता. पण स्टीफन्सच्या ओव्या गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. उलट १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत स्वतःची बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. तीन वर्षांत! हुकूम दप्तरात राहिला, कोकणी लोकांच्या तोंडात.

सर्वच शब्दांना मराठी अंगरखा घातला गेला असंही नाही. ‘बाप्तिस्मा’ तसाच ठेवला. ग्रीक ‘बाप्तिझो’ म्हणजे बुडवणे, आणि डोक्यावर पाणी शिंपडावं की अख्खा माणूस बुडवावा यावर पंथापंथांत वैर. हॉलच्याच तुकडीतला अडोनिराम जडसन हिंदुस्थानच्या जहाजप्रवासात या शब्दाचा अर्थ खोदत बसला आणि कलकत्त्याला पोहोचल्यावर पंथ बदलून बॅप्टिस्ट झाला. ज्या बोर्डाने पाठवलं त्याचा निरोप घेऊन तो ब्रह्मदेशात गेला. दुसऱ्यांचा धर्म बदलायला निघालेल्या माणसाचा पंथ वाटेतच एका क्रियापदाने बदलला! पुढे बंगालीत हा शब्द ‘बुडवणे’ या अर्थाने भाषांतरित केला म्हणून बायबल सोसायटीने पैसे नाकारले. मराठीत तर तसं करून चालणारच नव्हतं. आपल्याकडे पेढी बुडते, पीक बुडतं आणि धर्मही बुडतो. गावात कुणी ‘तुला बुडवतो’ म्हणत आला असता तर लोकांनी काय केलं असतं?

आता ‘पश्चात्ताप’. ग्रीक ‘मेतानोइआ’, मेता म्हणजे मागाहून, नोइआ म्हणजे मन किंवा विचार. मागाहून आलेलं मन, बदललेलं मन. लॅटिन बायबलाने त्याचं ‘पेनितेन्शिआ करा’ असं केलं आणि त्यात शिक्षेचा, प्रायश्चित्ताचा वास आला. इरॅस्मसने या भाषांतरावर बोट ठेवलं, आणि १५१७ साली ल्यूथरच्या पंचाण्णव कलमांतलं पहिलंच कलम या शब्दावर होतं. मराठीत करणाऱ्यांपुढे दोन्ही शब्द तयार होते. ‘प्रायश्चित्त’ म्हणजे करायचा विधी, ‘पश्चात्ताप’ म्हणजे सोसायची आग. त्यांनी माणसाकडे पश्चात्ताप दिला आणि प्रायश्चित्त ख्रिस्ताकडे. ते त्याने एकदाच सर्वांसाठी केलं, अशी मांडणी. युरोपातलं तीनशे वर्षांचं भांडण मराठीत दोन तयार शब्दांनी मिटून गेलं. ‘मेता’ला ‘पश्चात्’ तंतोतंत बसला. मनाच्या जागी मात्र ताप आला. मन बदलणं थंडपणे होऊ शकतं, पश्चात्ताप भाजतो.

आणि प्रायश्चित्त म्हणजे काय याचं जिवंत उदाहरण पुण्याने १८९०मध्ये दिलं. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता समोर ठेवला. पुढे नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा तंटा, उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघांनाही अखेर प्रायश्चित्ताच्या वाटेने जावं लागलं. विश्वास कुणाचा काडीइतका हलला नव्हता. हलला होता तो कप.

यातून ‘बाटणे’ हा शब्द कळतो. इंग्रजी ‘कन्व्हर्ट’च्या पोटात लॅटिन ‘वेर्तेरे’ आहे, वळणे. हिब्रूतला ‘शूव’ही परत फिरणे. दोन्हींत माणूस स्वतः काहीतरी करतो, पाठ फिरवतो, वाट बदलतो. बाटणे मात्र माणसाला लागतं, विटाळासारखं. गोव्याच्या दंतकथांत विहिरीत पाव टाकला आणि सबंध गाव बाटला. गावाला विचारलं नाही, गावाने ठरवलं नाही. पाणी प्यालं गेलं इतकंच. तेव्हा जो माणूस स्वतः ‘मी ख्रिस्ती झालो’ म्हणतो, त्याच्याबद्दल भाऊबंद ‘तो बाटला’ म्हणतात आणि सरकारी कागद ‘धर्मांतर केले’ असं लिहितो. प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी आणि दप्तरी, अशी तीन क्रियापदं एकाच घटनेची.

खरं तर ‘वेर्तेरे’ला आपल्याकडे अस्सल शब्द होता. वळणे. ‘मन वळलं’ म्हणतोच आपण. आणि याच धातूने मराठीला आणखी एक शब्द दिला, ज्याला इंग्रजीत जोड शोधताना माझी नेहमी दमछाक होते : वळण. रस्त्याला वळण असतं, मुलाला वळण असतं, अक्षराला वळण असतं. वळणे ही घटका-दोन घटकांची गोष्ट. वळण ‘लागतं’, आणि ते लागायला वर्षं जातात. लाकूड वळवलं की सोडल्यावर सरळ होतं, वळण लागलेली वेल मांडव काढला तरी तशीच राहते. मिशनची वार्षिक अहवालपुस्तकं बोस्टनला जात, त्यांत वळलेल्यांची संख्या असे. वळणाला रकाना नव्हता.

असता तर त्यात काय लिहिलं गेलं असतं? सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ साली मुंबईला आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत १८६२मध्ये वारली. तिची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं, आणि शिकवण्याचं शिक्षण घ्यायला सावित्रीबाई तिच्याकडे गेल्या. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. दोघांतलं कुणीही ख्रिस्ती झालं नाही. अहवालाच्या भाषेत दोन्ही खटपटी वाया.

अक्षराचं वळण तर शब्दशः घ्या. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात देवनागरीचे नेटके ठसे पाडले गेले, ते शुभवर्तमान छापायला. ते काम बघून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली छापलं काय, तर पंचांग. त्याच मिशनच्या छापखान्यात लहान वयात ठसे घासण्याच्या कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागरचे मालक झाले, आणि त्यांच्या वळणदार टायपात वेद, पुराणं, काव्यनाटकं देशभर गेली. मिशनच्या भट्टीतून निघालेल्या वळणाने गुढीपाडव्याला घरोघर संवत्सरफळ वाचलं गेलं. याला यश म्हणायचं की अपयश ते ज्याचं त्याने ठरवावं. मला हसू येतं आणि जरा भरूनही येतं.

उलट बाजूही आहे. ‘मिशनरी मराठी’ ही आपल्याकडची जुनी कुचेष्टा, आणि ती अगदी खोटी नव्हती. पंडिता रमाबाईंना जुनं भाषांतर खुपत होतं, एक तर अवघड म्हणून आणि दुसरं त्यातले शब्द हिंदू तत्त्वज्ञानाच्या रंगात बुडालेले म्हणून. केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२मध्ये त्या गेल्या, दोन वर्षांनी ते छापलं गेलं. शब्दांच्या सोवळ्याबाबत इतक्या कडक असलेल्या या बाईंनी आपल्या आश्रमाला नाव मात्र दिलं ‘मुक्ती’. उपनिषदांपासून चालत आलेला शब्द! तारण का नाही ठेवलं? कानाला सावकारी लागलं असेल का?

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. मिशन शब्दात पाठवणारा कुणीतरी दूर बसलेला असतो; दरबारात सगळे इथलेच, समोरासमोर.

पण वळणाची खरी कथा त्यांच्या बायकोची. लक्ष्मीबाई नवऱ्याबरोबर ख्रिस्ती झाल्या नाहीत. पंढरपूरला राहिल्या, रडल्या, नंतर त्याच्याकडे परत आल्या त्या स्वतःचं सोवळं, स्वतःची भांडी, स्वतःचं पाणी वेगळं राखून. टिळकांचं वळणं एका दिवसाचं, तारखेसकट सांगता येतं : १० फेब्रुवारी. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. स्मृतिचित्रांत त्या ती सांगतात तेव्हा त्यात धर्मशास्त्र जवळजवळ नाही. चूल आहे, पाण्याचं भांडं आहे, जाती कुणी केल्या हा एकाएकी पडलेला प्रश्न आहे. शिवाशिव आधी गेली. कुणाच्याही हातचं पाणी त्या प्यायला लागल्या तेव्हा त्या अजून हिंदूच होत्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.